बाई, वाळूत गाडी पोहते!

मुलांनो, घसरगुंडी कुणाला आवडत नाही? शाळेच्या मैदानातली पत्र्याची घसरगुंडी, उन्हात तापलेली, चड्डी भाजणारी! पऱ्ह्याच्या काठावरची चिखलाची घसरगुंडी! आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर मनात नसताना झालेली घसरगुंडी तर आपल्या कोकणात प्रत्येकाच्या नशिबी असतेच.

पण चांगल्या पाच-सहा मजली घराएवढ्या वाळूच्या डोंगरावरून तुम्ही कधी घसरलाय का? तेही फळीवर बसून?

आमच्या वर्गातली एक मुलगी घसरली. तिचे बाबा नोकरीसाठी दुबईला असतात. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हे काही नवीन नाही. वाडीत दहा घरं असतील तर एखाद्या घरातलं कुणीतरी आखातात असतंच. मे महिन्याच्या सुट्टीत ही मुलगी आईबरोबर बाबांकडे गेली. जूनमध्ये शाळा सुरू झाली ती तिच्या गोष्टींनीच. पाढे बाजूला राहिले आणि वाळवंटच वर्गात आलं!

"बाई, तिथं वाळू लाल असते. आणि बाई, वाळूत गाडी पोहते!"

सगळा वर्ग हसला. गाडी कशी पोहेल? मी मात्र हसले नाही. कारण तिचं म्हणणं अगदीच काही चूक नव्हतं. कसं ते पुढं सांगते.

फळीवरची स्वारी

आधी फळीची गोष्ट. वाळूवर घसरायची फळी गुळगुळीत असते. पुढचं टोक थोडं वर उचललेलं, म्हणजे ते वाळूत घुसत नाही. फळीच्या बुडाला मेण घासतात. मोठी माणसं पाय पट्ट्यांत अडकवून उभ्यानं घसरतात, छोटी मंडळी बसून. आमची ही बाईसाहेब अर्थातच बसून घसरली. पहिल्या खेपेला डोळे घट्ट मिटून, दुसऱ्या खेपेला एक डोळा उघडून आणि तिसऱ्या खेपेला ओरडत!

"आणि वर कशी गेलीस?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"चालत! दोन पावलं वर टाकली की एक पाऊल खाली येतं. पाय दुखले नुसते."

बघा मुलांनो, घसरायला अर्धा मिनिट आणि चढायला दहा मिनिटं. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. ज्या बाजूनं वारा येतो ती बाजू लांबलचक आणि सौम्य उताराची असते. वारा वाळूचे कण ढकलत, टुणटुण उड्या मारायला लावत माथ्यापर्यंत नेतो. माथ्यावर पोचलेले कण पलीकडच्या आडोशाला पडतात. ती बाजू उभट असते. घसरायचं ते याच बाजूनं.

आता गंमत ऐका. ही उभट बाजू किती उभी असावी, हे वाळू स्वतःच ठरवते! कोरड्या वाळूचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांच्या पुढं जातच नाही. त्याहून जास्त वाळू साठली की ती आपणहून ओघळते आणि उतार पुन्हा तेवढाच होतो. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे, तिथल्या टेकड्या घ्या, नाहीतर दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या वाकाचिना इथल्या घ्या. कोरडी वाळू सगळीकडे हाच नियम पाळते. वर्गात एवढी शिस्त असती तर!

गाडी पोहते म्हणजे काय?

आता तिच्या गाडीकडे वळू. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्याला चार गुबगुबीत चाकं, दारं नाहीत, काचा नाहीत. बसणाऱ्यानं पट्टे आवळायचे, डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि डोळ्यांवर मोठा चष्मा लावायचा. या गाडीला म्हणतात ड्यून बगी. गाडी उलटली तरी आतली माणसं चेंगरू नयेत म्हणून तो पिंजरा. आमच्या मुलीला चालवायला अर्थातच दिली नाही. ती बाबांच्या शेजारी बसली होती. "पोटात गोळा आला," असं तिनं आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं.

या बग्यांचा इतिहासही मजेदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ब्रूस मायर्स नावाचे एक गृहस्थ होते. बोटी बांधण्यात वाकबगार. बोटींसाठी फायबरग्लास वापरतात, तेच वापरून त्यांनी १९६४ मध्ये एका छोट्या गाडीचा सांगाडा बनवला आणि त्याला फोक्सवॅगन बीटल या गाडीचे भाग जोडले. बीटलचं इंजिन मागं असतं. त्यामुळे वजन मागच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या चाकांवर पडतं आणि चाकांची पकड बसते. पुढचा भाग हलका, म्हणून तो वाळूत नाक खुपसत नाही. आहे ना बोटवाल्याचं डोकं?

पण त्याच्याही कितीतरी आधी, १९२० आणि १९३० च्या दशकांत, राल्फ बॅगनॉल्ड नावाचे इंग्रज लष्करी अधिकारी साध्या फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात भटकत होते. गाड्या रुतायच्या. मग चाकांखाली पोलादी पन्हळी घालायच्या, चाकांतली हवा कमी करायची आणि पुढं निघायचं. रुतता रुतता या माणसाला वाळूचाच नाद लागला. घरी परतल्यावर त्यांनी वाऱ्याचा बोगदा बनवून वाळू कशी उडते याचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे आजही ते पुस्तक उघडतात. रुतण्यातूनही माणूस शिकतो, तो असा!

हवा कमी करण्यात काय जादू आहे? समजा चाकात ३० पाउंड हवा आहे. ती १५ पाउंड केली, तर चाक दबून पसरतं आणि जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. गाडीचं वजन तेवढंच, पण ते दुप्पट जागेवर वाटलं जातं. म्हणून चाक खाली जात नाही, वरवर तरंगत जातं. उंटाचे पसरट पाय आठवा. तीच युक्ती! आता सांगा, वाळूत गाडी पोहते म्हणणारी आमची मुलगी चुकली होती का?

आपल्याकडं वाळवंट नाही, पण...

हे सगळं ऐकून वर्ग हिरमुसला. "बाई, आपल्याकडं वाळवंट का नाही?" जिथं जूनमध्ये छत्री उलटी होईस्तोवर पाऊस पडतो, तिथल्या मुलांनी वाळवंटासाठी हट्ट धरावा, याला काय म्हणावं!

मी म्हटलं, "वाळवंट नाही, पण आपल्या जिल्ह्यात वाळूची मोठी टेकडी आहे. केळशीला."

झालं! सहल ठरली. डिसेंबरात प्रासंगिक करारावर एसटी घेतली. एक मुक्काम दापोलीला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केळशी. निघताना बघते तर काय, निम्म्या मुलांच्या बगलेत पोफळीच्या विऱ्या! शहरातल्या मित्रांसाठी सांगते, पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. त्याच्या पानाचा बुडखा रुंद, जाड, चामड्यासारखा असतो. झावळीबरोबर तो गळून पडतो. ती विरी. एकानं विरीवर बसायचं, दुसऱ्यानं झावळीचं टोक धरून अंगणभर ओढायचं. आमच्या आजोबांनी खेळलेला खेळ. फळ्या दुबईला राहिल्या, म्हणून मुलांनी आपली फळी शोधली होती!

भरती आली, गाडी अडकली

पहिल्या दिवशी संध्याकाळी दापोलीजवळच्या एका पुळणीवर आम्ही सूर्यास्त बघायला गेलो. तिथं एक जीप पार पाण्याजवळ नेलेली. चार तरुण पाहुणे आलेले. आधी त्यांनी वाळूत गोल गोल फेऱ्या मारल्या. आमची मुलं टाळ्या वाजवत होती. आणि मग मागची चाकं बसली. चालवणाऱ्यानं जोरात रेस दिली. चाकं गरगर फिरली, वाळू उडाली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली.

त्यात भरती सुरू झालेली. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा थोडी पुढं येत होती. तरुणांचे चेहरे उतरले. आमच्याही टाळ्या थांबल्या.

जाळं खांद्यावर टाकून घरी चाललेले एक आजोबा थांबले. "रेस देऊ नका हो! जितकी रेस द्याल तितकी गाडी खाली जाईल. आधी चाकांची हवा काढा."

मला हसू आलं. बॅगनॉल्डसाहेबांचं पुस्तक आजोबांनी वाचलेलं असणं कठीण. पण वाळूनं जे एकाला शिकवलं तेच दुसऱ्यालाही शिकवलं होतं! हवा काढली. हातांनी चाकांपुढची वाळू उपसली. आता पन्हळी हव्यात. त्या कुठून आणायच्या? आमची दुबईवाली मुलगी पुढं आली आणि तिनं आपली विरी चाकाखाली सरकवली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. त्यावर सुरूच्या वाळक्या काटक्या. मुलांना मी लांब उभं केलं. मोठ्या माणसांनी ढकललं आणि गाडी एकदाची निघाली. चार विऱ्यांचा मात्र भुगा झाला.

गाडी गेली. मागं दोन खोल चर राहिले. आजोबा तिथं उकिडवे बसले आणि मुलांना म्हणाले, "आता कासवीण अंडी घालायला येईल. या चरांत तिची पिल्लं पडली तर?"

मुलांनो, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत दीड-एक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत समुद्रात जातात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. एवढीशी, तुमच्या मुठीत मावतील अशी. ती तडक पाण्याकडे धावतात. चाकाचा चर आपल्याला पाऊलभर, पण पिल्लाला ती दरीच! चढता येत नाही, मग ते चरातूनच पळत राहतं आणि दमतं. कावळे, कुत्री, खेकडे टपलेले असतातच. अंड्यांवरून चाक गेलं तर वरची वाळूही दबते. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी यांनी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढं किनाऱ्यावरच्या आणखी गावांनी हे काम हाती घेतलं. ज्या अंड्यांसाठी गावकरी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन गस्त घालतात, त्यांच्यावरून आपण मजेसाठी गाडी न्यायची का?

टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या मुलांनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मीही.

केळशीची टेकडी

दुसऱ्या दिवशी केळशी. भारजा नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं हे गाव. महालक्ष्मीचं देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे, माडापोफळींची दाट सावली आहे. आणि खाडीच्या तोंडाशी ती वाळूची टेकडी. सुमारे १८ मीटर उंच! म्हणजे आपल्या माडाच्या शेंड्याएवढी.

कोकणात पुळणी पुष्कळ आहेत, पण एवढा मोठा वाळूचा ढीग एकाच जागी कसा साठला? पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी या कोड्यामागं वर्षानुवर्षं घालवली. टेकडीच्या कापल्या गेलेल्या बाजूला वाळूचे थर दिसतात. त्यांत शिंपले आहेत, खापरं आहेत, माणसांच्या जुन्या वस्तीच्या खुणा आहेत. त्यांनी मत मांडलं, की ही टेकडी नुसत्या वाऱ्यानं रचलेली नाही. १५२४ साली इथं समुद्राची प्रचंड लाट, म्हणजे त्सुनामी आली असावी आणि तिनं ही वाळू आणून टाकली असावी.

हे १५२४ साल कुठून आलं? त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. दाभोळच्या जवळपास असताना वारा नसूनही समुद्र एकाएकी खवळला, गलबतं थरथरली, खलाशी घाबरले. पोर्तुगीज इतिहासकारांनी हे लिहून ठेवलंय. समुद्रसुद्धा आपल्याला भिऊन कापतोय, असं म्हणून गामानं माणसांना धीर दिला, अशी कथा आहे. पण समुद्र काही कुणाला भीत नाही. तो होता समुद्राखालचा भूकंप! आणि दाभोळ ते केळशी हे अंतर काही फार नाही.

तुम्ही म्हणाल, वाऱ्याची वाळू आणि लाटेची वाळू ओळखायची कशी? सोपं आहे. वारा निवडक असतो. तो बारीक, एकसारखे कण उचलतो, जड वस्तू मागं ठेवतो. आई सुपात तांदूळ पाखडते तसं. लाट मात्र काही निवडत नाही. जाडी वाळू, बारीक वाळू, शिंपले, गोटे, जे सापडेल ते ढकलत आणते. म्हणून थरांत काय काय मिसळलंय हे बघून शास्त्रज्ञ अंदाज बांधतात. मूळ थर लाटेचा आणि त्यावर पुढं वाऱ्याची भर, असंही होऊ शकतं. सगळ्या शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. २०२१ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी या घटनेवर निबंध लिहिला, त्यात तिला 'अनाथ त्सुनामी' म्हटलंय. का? तर लाट आल्याच्या खुणा दिसतात, पण तिला जन्म देणारा भूकंप नेमका कुठं झाला ते ठरत नाही.

हे सगळं जुनंपुराणं झालं, असं समजू नका हं. १९४५ च्या नोव्हेंबरात आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीची लाट मुंबईपर्यंत आली होती. २६ डिसेंबर २००४ ला पूर्व किनाऱ्यावर काय झालं ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. आपल्या किनाऱ्यावर अशी लाट पूर्वी किती वेळा आली, केवढी आली, हे सांगणारी पुस्तकं नाहीत. आहे ती ही वाळू. म्हणजे केळशीची टेकडी हेच पुस्तक!

एक पान फाटलं

हे मी मुलांना टेकडीपाशी उभी राहून सांगणार होते. पण एसटीतून उतरल्यावर मी मुलं मोजत होते, तेवढ्यात एक पठ्ठ्या पुढं पळाला. घरून निघाल्यापासून त्यानं विरी खाली ठेवली नव्हती, जेवतानासुद्धा. मी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत तो टेकडीच्या कडेवर चार पावलं चढला, विरीवर बसला आणि सुंई करून खाली आला!

त्याच्यामागून वाळूचा लोट आला. आणि त्या वाळूबरोबर एक खापर आलं. तळहाताएवढं, तांबूस, एका बाजूनं काळवंडलेलं. कुणाच्या तरी चुलीवर चढलेल्या मडक्याचं.

तो उठला. खापर बघून हरखला. "बाई, हे कुणाचं?"

"माहीत नाही रे. ते वरच्या कुठल्या थरात होतं?"

त्यानं वर बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. वाळू ओघळून तिथं आता नुसता गुळगुळीत उतार झाला होता. खापर लाटेच्या थराखाली होतं की वर? लाट येण्यापूर्वी कुणी त्या मडक्यात भात शिजवला, की नंतर? खापर जागेवर असतं तर एखाद्या अभ्यासकाला ते सांगता आलं असतं. आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. हातातलं खापर म्हणजे पुस्तकातून फाटलेलं पान. अक्षरं आहेत, पण पान कितवं, ते कळत नाही.

पोरगा रडवेला झाला. "परत वर ठेवू का?" म्हणाला. मी त्याला रागावले नाही. रागावायचं तर आधी स्वतःवर. टेकडीची गोष्ट मी मुलांना एसटीतच सांगायला हवी होती, ती मी नंतरसाठी राखून ठेवली. आम्ही ते खापर होतं तिथंच, टेकडीच्या पायथ्याशी राहू दिलं.

"पण बाई," आमची दुबईवाली मुलगी म्हणाली, "तिथं तर सगळेच घसरतात. तिथं चालतं, मग इथं का नाही?"

किती चांगला प्रश्न! तुम्हीही विचार करा. वाळवंटात वाळूचा साठा मैलोन्‌मैल पसरलेला असतो. आज तुम्ही घसरून पाडलेली वाळू वारा पुन्हा माथ्यावर नेतो. चार दिवसांनी तुमची रेघही दिसत नाही. अर्थात तिथंही झुडपं असतात, प्राणी असतात, म्हणून तिथंही ठरलेल्या जागीच घसरावं हे बरं. पण केळशीची टेकडी एकटी आहे. लाटेनं एकदा आणलेले थर वारा पुन्हा रचून देणार नाही. ओघळलं ते ओघळलं.

शिवाय किनाऱ्यावरची वाळूची टेकडी ही गावाची भिंत असते. उधाण आलं, वादळ आलं, की पहिला धक्का ती सोसते. आणि या भिंतीचे गवंडी माहीत आहेत? झाडं! वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची वेल तुम्ही बघितली असेल. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राला जणू सांगते, तुझी मर्यादा इथपर्यंत! तिची मुळं वाळू धरून ठेवतात. गाडीच्या चाकांनी, नाहीतर शेकडो पायांनी ती तुटली की वाळू मोकळी होते आणि वाऱ्यावर जाते. म्हणूनच १९९१ पासून किनारपट्टीच्या सरकारी नियमांत वाळूच्या टेकड्या सपाट करायला, बदलायला बंधन आहे. केळशीच्या या टेकडीवर तर सागरी महामार्गाच्या कामामुळंही घाला येऊ लागला होता. तेव्हा ती वाचावी म्हणून मराठे आणि इतर अभ्यासकांनी आवाज उठवला.

मग विऱ्यांचं काय?

तुम्हाला वाटेल, सहल फुकट गेली. छे! आम्ही सगळे समुद्रावर गेलो. ओहोटी लागली होती. भरतीची रेघ असते ना, काटक्या, शेवाळ, शिंपले यांची ओळ? त्या रेघेच्या खाली, ओलसर घट्ट वाळूवर विऱ्यांची शर्यत लावली. एक बसलेला, दोघं ओढणारे. विरी अशी काही सुळकन पळाली, की अंगणात कधी पळाली नव्हती!

यालाही शास्त्र आहे बरं का. सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका चित्रात पुष्कळ माणसं घसरगाडीवरून प्रचंड पुतळा ओढताना दाखवली आहेत. पुढं उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितला. वाळूत योग्य तेवढं पाणी घातलं तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो! कोरडी वाळू घसरगाडीपुढं ढीग करते आणि वाट अडवते. ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात आणि रस्ता घट्ट होतो. पण पाणी फार झालं की पुन्हा चिखल.

तुम्ही हे घरीही करून बघा. तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट. कोरडी वाळू कागदाच्या नरसाळ्यातून हळूहळू ओता. ढिगाचा उतार कोनमापकानं मोजा. आणखी ओता, पुन्हा मोजा. ढीग वाढेल, कोन वाढेल का?

दुसरी गोष्ट. एका ताटलीत दगड ठेवा. ताटलीला रबर बांधून ती आधी कोरड्या आणि मग ओलसर वाळूवरून ओढा. ताटली हलायला लागते तेव्हा रबर किती ताणलं ते पट्टीनं मोजा.

तिसरी गोष्ट. वाळूवर एक वीट उभी ठेवा आणि एक आडवी. कुठली जास्त रुतली? आता गाडीच्या चाकातली हवा आठवा!

आणि आईबाबांना एक विनंती. किनाऱ्यावर गेलात की गाडी रस्त्यावर ठेवा. मुलांना चालू द्या. पुढं कधी वाळवंटात जायचा योग आला तर मुलांना जरूर घसरू द्या. मात्र जाणकार माणूस बरोबर हवा. हेल्मेट आणि पट्टा बांधल्याशिवाय बगीत बसवू नका, आणि उन्हाची वेळ टाळा.

परतीच्या वाटेवर मी आमच्या दुबईवाल्या मुलीला विचारलं, "काय गं, तिथं जास्त मजा आली की इथं?"

तिनं थोडा विचार केला. "घसरायला तिथं," ती म्हणाली. "पण तिथं मी नुसती बसले होते. इथं मी दुसऱ्यांना ओढलं पण."

आणि तो खापरवाला? तो खिडकीशी गप्प बसून होता. घरी आल्यावर सहलीवर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्यानं चारच लिहिल्या, पण शेवटची ओळ मी फळ्यावर लिहून ठेवली होती, महिनाभर: 'रेघेच्या खाली खेळायचं, रेघेच्या वर बघायचं.'

मग मुलांनो, पुढच्या वेळी समुद्रावर गेलात की पहिलं काम काय करायचं? ती रेघ शोधायची!